वाचनालयाची कपाटं नव्याने लावतोय – पुस्तकं कशी मांडावीत?

चिऱ्याची_भिंत | 26 एप्रिल

मंडळी, एका कामात तुमचं डोकं हवंय.

गेल्या पावसात आमच्या गावातल्या वाचनालयाचं छप्पर तीन ठिकाणी गळलं. यंदा पाडव्यानंतर कौलं उतरवली, वासे-रिपा बदलल्या, आतून चुना मारला. त्यासाठी 14 कपाटं रिकामी करून सगळी पुस्तकं शाळेच्या एका वर्गात नेऊन ठेवली आहेत. आता ती परत आणायची. मृग लागायच्या आत, म्हणजे हातात जेमतेम सहा आठवडे आहेत.

आधीची मांडणी सांगतो. कपाट 1 ते 5 दाखल क्रमांकाने, म्हणजे जे पुस्तक ज्या वर्षी आलं त्या वर्षीच्या पुस्तकांच्या शेजारी. 6 ते 9 देणगीदारांच्या नावाची. 10 महिला विभाग, 11 बालविभाग, 12 धार्मिक, 13 दिवाळी अंक. 14 वर 'इतर' अशी पाटी, आणि सगळ्यांत गच्च तेच. कुठलं पुस्तक कुठे आहे हे फक्त आमच्या ग्रंथपाल बाईंना ठाऊक. बाई रजेवर गेल्या की वाचक दारातूनच परत जातात, हे मी कितीदा पाहिलंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दारातून आत आल्याबरोबर पहिलं कपाट 'कोकण' असावं. इथला समुद्र, इथली शेती, किल्ले, दशावतार, मालवणीतलं लेखन, इथल्या लेखकांची पुस्तकं, सगळं एका जागी. पण समितीत दोन तट पडलेत. तुमच्या गावी काय केलंत?


सुरंगीचा_वळेसर | 26 एप्रिल

कोकणाचं कपाट पहिलं, याला माझं अनुमोदन. बाकी सविस्तर रात्री लिहिते.


रातांबा | 26 एप्रिल

मी 31 वर्षं ग्रंथपाल होतो, आता निवृत्त आहे. तुम्ही विचारलंत म्हणून थोडं विस्ताराने.

पहिली गोष्ट, दाखल नोंदवहीला हात लावू नका. पुस्तक कुठल्याही कपाटात गेलं तरी त्याचा दाखल क्रमांक तोच राहतो. महाराष्ट्रात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेलं वाचनालय असेल, अ, ब, क, ड कुठल्याही वर्गातलं, तर तपासणीला येणारा माणूस ती वहीच उघडतो. जागेसाठी वेगळा क्रमांक द्यायचा, तो वर्गांक.

वर्गांकासाठी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ड्युईची दशांश पद्धत वापरतात. 1876 साली निघालेली आहे. सगळं ज्ञान दहा वर्गांत वाटलेलं: 500 मध्ये विज्ञान, 600 मध्ये शेती, स्वयंपाक, यंत्रं अशी व्यवहारातली शास्त्रं, 800 मध्ये साहित्य, 900 मध्ये इतिहास-भूगोल. मराठी साहित्याला 891.46.

आता तुमचा बांगडा घ्या. मासा हा प्राणी म्हणून 597 मध्ये जातो. तो पकडण्याचा धंदा 639 मध्ये. त्याचं तिखलं करायचं तर 641. एकच मासा तीन कपाटांत. पद्धत चुकीची नाही, विषयाच्या बाजूने पाहिलं तर बरोबरच आहे. पण वाचक बांगड्याच्या बाजूने येतो.

एस. आर. रंगनाथन मूळचे मद्रासला गणिताचे प्राध्यापक, 1924 मध्ये तिथल्या विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी 1931 मध्ये पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं मी माझ्या टेबलाच्या काचेखाली लावलेलं असे: वाचकाचा वेळ वाचवा. तुमची मांडणी ठरवताना प्रत्येक वेळी एवढंच विचारा, की बाई रजेवर असताना दारातून आलेल्या माणसाला पुस्तक सापडेल का?


माडाचो_झाप | 27 एप्रिल

रातांबा काकांनू, बांगड्याचा बरोबर सांगितलास. मी होडयेर जातंय. जून-जुलै मासेमारी बंद, होडी वर काढलेली असता, तेव्हा दोन म्हयने वाचूक येतंय. माका नंबर कळणत नाय. दर्याची पुस्तका खंय, वाऱ्या-पावसाची खंय, इंजिनाची खंय, इतक्या भिंतीर लिवलेला आसला म्हणजे झाला. विचारूची लाज वाटता. पोरां बसलेली असतत, त्यांच्यासमोर कसा विचारतलंय?


खाडीपलीकडे | 27 एप्रिल

मी शिक्षक आहे आणि मला कोकण कपाट पटत नाही. का ते नीट सांगतो.

खारफुटीवरचं पुस्तक तुम्ही 'कोकण'मध्ये ठेवलंत की ते विज्ञानातून गेलं. आठवीतली मुलगी विज्ञानाच्या कपाटापाशी उभी राहील तेव्हा तिला तिथे अंतराळ दिसेल, डायनासोर दिसतील, पण तिच्या घरामागच्या खाडीत जे उगवतं ते दिसणार नाही. विज्ञान म्हणजे दुसरीकडचं काहीतरी, आणि आपलं म्हणजे सण, जत्रा, मासे, असं तिच्या मनात बसेल. मला ती वाटणी नको आहे. खारफुटी विज्ञानातच हवी, अगदी डोळ्यांसमोरच्या खणात.

लेखकांचंही तसंच. आपल्याकडचा म्हणून एखाद्या कवीला मराठी कवितेच्या रांगेतून उचलून गावच्या कपाटात बसवायचं, हा त्याचा मान आहे की त्याला धाकट्या पंगतीला बसवणं?


सुरंगीचा_वळेसर | 27 एप्रिल

काल अर्धवट राहिलं होतं. मला कोकणाच्या कपाटापेक्षा 10 नंबरच्या कपाटाबद्दल बोलायचंय.

माझ्या माहेरच्या वाचनालयातही 'महिला विभाग' होता. त्यात पाककृती, विणकाम, रांगोळी, बाळाचं संगोपन, आणि काही कादंबऱ्या. आई दर शनिवारी बाजार करून येताना तिथे थांबायची. पिशवी दाराशी, चपला बाहेर, आणि थेट त्या एका कपाटापाशी. समोरच्या भिंतीला प्रवासवर्णनं होती. तिकडे वर्तमानपत्र वाचणाऱ्या पुरुषांचा बाक होता, म्हणून ती कधी गेलीच नाही. कोणी अडवलं असतं असं नाही. पाटीनेच तिला सांगितलं होतं की तुझं हे.

तिला प्रवासाचं केवढं वेड होतं हे मला फार उशिरा कळलं. एकदा मी मुंबईहून एक प्रवासवर्णन नेलं, तर दोन दिवसांत वाचून संपवलं आणि विचारलं, "अशी आपल्याकडे नसतील ना गो?" होती. बारा पावलांवर होती.

म्हणून हात जोडून सांगते, पाटी वाचकाच्या नावाची लावू नका, पुस्तकात काय आहे त्याची लावा. स्वयंपाक हा विषय आहे, महिला हा विषय नाही. आणि बाकाची जागा बदला.


रातांबा | 27 एप्रिल

सुरंगीताई, तुमचं लिहिणं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. माझ्याही वाचनालयात 'महिला विभाग' होता आणि तो मीच चालू केला होता. तेव्हा चांगलंच वाटलं होतं.


बोरिवली_ते_वाडी | 28 एप्रिल

आम्ही चाकरमानी गणपतीत दहा दिवस गावी. आरत्या, भजनं, जेवणं झाली की दुपारी पाऊस आणि वीज गेलेली. तेव्हा वाचनालयाचा आधार. दिवाळी अंकांचं 13 नंबरचं कपाट कृपा करून मोडू नका, मागचे अंक तिथेच बसून चाळतो आम्ही.

थोडं अवांतर. मराठीतला पहिला दिवाळी अंक 1909 चा, 'मनोरंजन' मासिकाचा. त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र मूळचे आजगावकर, आपल्या सावंतवाडीजवळच्या आजगावचे. बंगालीच्या प्रेमापोटी मित्र हे आडनाव घेतलं. तेव्हा चिऱ्याची_भिंत, दिवाळी अंक कोकण कपाटात ठेवायचे का तेही ठरवून टाका :)


माडाचो_झाप | 28 एप्रिल

तसा बघूक गेल्यार अर्धा मराठी साहित्य कोकण कपाटात जातला. मगे बाकीची 13 कपाटा कित्याक?


चिऱ्याची_भिंत | 28 एप्रिल

सगळं वाचतोय. महिला विभागाची पाटी उतरवायची हे काल रात्रीच समितीच्या गटावर टाकलं. दोघांचा विरोध होता, सुरंगीताईंचं लिहिणं वाचून दाखवल्यावर मावळला.

पण खाडीपलीकडे सर, तुमच्याशी माझं अजून जुळत नाही. आमच्या वाचनालयात खारफुटीचं पुस्तक आधीही विज्ञानातच होतं. कोणी नेलं? मागच्या पानावरच्या चिठ्ठीवर 11 वर्षांत दोन तारखा आहेत. दोन. कपाट पहिलं असतं तर येता-जाता निदान नजर गेली असती. मान-अपमान नंतर बघू, आधी पुस्तक हातात जाऊ दे.

आणि अजून एक अडचण. 1880 चं इंग्रजी गॅझेटियर आमच्याकडे आहे, रत्नागिरी आणि सावंतवाडी मिळून एकच खंड. शिवाय 1962 चं रत्नागिरी जिल्ह्याचं. दोन्हीत मालवण, वेंगुर्ला, देवगड सगळं आहे, कारण सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला 1 मे 1981 ला. कोणा पोराला प्रकल्पासाठी सिंधुदुर्गाचा जुना इतिहास हवा असेल तर तो 'रत्नागिरी' लिहिलेल्या पुस्तकाकडे बघणारसुद्धा नाही.


रातांबा | 29 एप्रिल

या भांडणावर ग्रंथपालांकडे जुना उपाय आहे. त्याला 'पाहा' नोंद म्हणतात.

पुस्तक एकाच जागी उभं राहू शकतं, कार्ड दहा जागी राहू शकतं. चिं. त्र्यं. खानोलकरांचंच उदाहरण घ्या. जन्म 1930 चा, वेंगुर्ल्याजवळ बागलांची राई. कादंबऱ्या आणि नाटकं खानोलकर नावाने, कविता आरती प्रभू नावाने. नवा वाचक आरती प्रभू 'आ'मध्ये शोधतो, खानोलकर 'ख'मध्ये, आणि दोघं एकच हे त्याला कोणी सांगत नाही. तिथे कार्ड लावायचं: "याच लेखकाची कादंबरी आणि नाटकं – पाहा: खानोलकर." उलट बाजूनेही तसंच.

कपाटातही हेच करता येतं. पुस्तकाच्या उंचीचा लाकडी ठोकळा करून रिकाम्या जागी ठेवायचा आणि त्यावर लिहायचं की खारफुटीचं पुस्तक कपाट 4, खण 2 मध्ये आहे. सरांचं पुस्तक विज्ञानात राहील, तुमचा ठोकळा कोकणात. गॅझेटियरसाठी सिंधुदुर्गाच्या खणात एक ठोकळा: "1981 च्या आधीचं – पाहा: रत्नागिरी." रायगडच्या वाचकांनो, तुमच्याकडे जुनं सगळं कुलाबा नावाखाली सापडेल, तिथेही हाच उपाय.

ठोकळ्याला आंब्याच्या पेटीची फळी पुरते. मे महिना तोंडावर आहे, पेट्यांना तोटा नाही.


खाडीपलीकडे | 29 एप्रिल

ठोकळा मान्य. दोन तारखांचं वाचून वाईट वाटलं. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात त्या पुस्तकासाठी मी स्वतः पाच मुलं घेऊन येतो.


वाळवीचा_वैरी | 1 मे

विषयांवर सगळे बोलले, भिंतींवर कोणीच नाही. चिऱ्याची भिंत पावसात घाम गाळते. मी बांधणीचं काम करतो, दर पावसाळ्यानंतर चार-पाच गावची पुस्तकं माझ्याकडे येतात, आणि भिंतीला टेकलेल्या बाजूची कायम जास्त गेलेली असतात.

कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. पाय जमिनीपासून उचललेले हवेत, वाळवीचा मातीचा रस्ता वर चढताना दिसला पाहिजे. खालचा खण रिकामा सोडा किंवा त्यात ते ठेवा जे परत मिळू शकेल. गॅझेटियर, जुनी हस्तलिखितं, गावच्या सभांच्या वह्या वरच्या खणात. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तिथल्या 1864 पासूनच्या वाचन मंदिराची काय अवस्था झाली ते आठवा. विषयवारी कितीही सुरेख केलीत तरी खालच्या खणातला विषय आधी जातो.

बुरशी आली तर ओलं फडकं लावू नका. आधी वाऱ्यावर पूर्ण सुकवा, मग मऊ ब्रशने बाहेरच्या बाजूला झटका. आणि पुस्तकांच्या पाठीवर रंगीत चिकटपट्ट्या लावायचा कोणाचा विचार असेल तर लावू नका. आपल्या हवेत जुलैपर्यंत सुटतात, मागे चिकटा राहतो, त्यावर कसर येते. कागद चिकटवायचाच तर खळीत चिमूटभर मोरचूद घाला, जुने बांधणीवाले घालायचे तसं. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हाताशी ठेवू नका.


सुरंगीचा_वळेसर | 1 मे

आमच्याकडे पुस्तकांत वेखंड आणि कडुलिंबाचा पाला ठेवत. वहीतून तो वास यायचा. डांबरगोळ्यांनी माझं डोकं दुखतं. बालविभागात तरी नका ठेवू.


दर्या_किनारी_नात | 2 मे

इतके दिवस नुसती वाचत होते. रत्नागिरीच्या नगर वाचनालयात लहानपणी जायचे, ते 1828 पासूनचं आहे हे पाटीवर वाचून अंगावर काटा यायचा.

एक विचारू का? मांडणी वर्षभर एकच का हवी? आपल्याकडे माणसं ऋतूप्रमाणे येतात. मे महिन्यात सुट्टीची मुलं. जून-जुलैला माडाचो_झाप यांच्यासारखी दर्यावरची माणसं. गणपतीत चाकरमानी. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की दशावताराची मंडळी गावोगाव फिरतात, त्यांना पुराणातल्या कथा लागतात, आख्यानासाठी. मग कोकणाचं एक पक्कं कपाट करण्याऐवजी दाराशी एक उघडं रॅक ठेवा आणि दोन महिन्यांनी त्यातली पुस्तकं बदला. पुस्तकाची कायमची जागा आत, विषयाप्रमाणे. दाराशी ते पाहुणं.


माडाचो_झाप | 2 मे

गो बाय, लाखातला बोललंस!! उघडा होया, काच आणि कुलूप नको. काच आसली की हात जाणा नाय.


खाडीपलीकडे | 3 मे

याला माझा शंभर टक्के पाठिंबा.


चिऱ्याची_भिंत | 3 मे

मी दोन दिवस विचार करतोय. कोकण कपाट हा माझा जीवाभावाचा हट्ट होता, तो असा सहज सोडवत नाही. पण दर्या_किनारी_नात म्हणतात त्यात माझं कपाट पुसलं जात नाही, उलट चालतं-फिरतं होतं. उद्या सभा आहे.


बोरिवली_ते_वाडी | 4 मे

देणगीदारांच्या कपाटांचं काय ठरवणार? 7 नंबरच्या कपाटावर माझ्या आजोबांचं नाव आहे. पुस्तकं विखुरली तरी चालतील, पण नाव जाऊ नये असं वाटतं. त्यांनी गिरणीतल्या पगारातून एकेक पुस्तक घेऊन एसटीच्या टपावरून पाठवलं होतं.


रातांबा | 4 मे

नाव कपाटावर नको, पुस्तकात हवं. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर छोटी चिठ्ठी: "अमुक यांच्याकडून." कपाटावरची पाटी फक्त येणारा-जाणारा वाचतो, पुस्तकातली चिठ्ठी ते पुस्तक घरी नेणारा प्रत्येक जण वाचतो. आणि 'इतर' हे कपाट ठेवूच नका. इतर म्हणजे ज्याचा विचार करायचा आपल्याला कंटाळा आला ते. एकेक पुस्तक हातात घ्या.


चिऱ्याची_भिंत | 12 जून

उशीर झाला, पण काम झालं.

'इतर'मधून निघालेल्या पुस्तकांत 40 च्या वर मालवणीतली होती, नाटकं, कविता, गजाली. कुठल्याच विभागात बसत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं तिथे कोंबलेली. ती आता मराठी साहित्यात, नाटक नाटकात, कविता कवितेत, आणि पाठीवर पांढऱ्या रंगाने लहान 'मा'. खणाखणांत ठोकळे आहेत, आतापर्यंत 63 झाले, सगळे आंब्याच्या पेटीचे. अजून हापूसचा वास येतो त्यांना.

पाट्या लिहायच्या आधी आम्ही एक केलं. आठ मुलं, चार बायका आणि बंदरावरची तिघं बोलावली, प्रत्येकाला एक विषय सांगितला आणि बाईंना बाहेर बसवलं. कोण कुठल्या कपाटापाशी आधी जातं ते टिपून घेतलं. 'प्राणिशास्त्र' पाटीपाशी कोणीच थांबलं नाही. आता तिथे 'प्राणी, पक्षी, मासे' लिहिलंय. 'कृषी'चं 'शेती-बागायत' केलं. 'धार्मिक'मध्ये ओव्या, आरत्या, पुराणं आणि संतचरित्रं एकत्र होती, ती वेगळी केली, कारण आजींना ओव्या हव्या असतात आणि त्या खाली वाकून शोधू शकत नाहीत. ओव्या आता कमरेच्या उंचीवर.

वर्तमानपत्राचा बाक पडवीत गेला. तिथे उजेडही चांगला आहे, तक्रार आली नाही.

दाराशी उघडं रॅक आहे. जून-जुलैसाठी वारे, समुद्र, बोटीची इंजिनं, जाळी, आणि खारफुटी. सर पाच म्हणाले होते, नऊ मुलं घेऊन आले. त्या पुस्तकावर आता चार तारखा आहेत.


बोरिवली_ते_वाडी | 12 जून

आजोबांच्या पुस्तकांचे फोटो पाठवलेत ते आईला दाखवले. चिठ्ठीवर हात फिरवत बसली होती. खूप आभार.


सुरंगीचा_वळेसर | 13 जून

प्रवासवर्णनं कुठे ठेवलीत?


चिऱ्याची_भिंत | 13 जून

स्वयंपाकाच्या शेजारी, ताई. तीच रांग, मध्ये पार्टिशन नाही.


माडाचो_झाप | 14 जून

काल जावन इलंय. कोणाक काय विचारूचा पडला नाय. इंजिनाचा एक आणि वाऱ्याचा एक अशी दोन घेतलंय. बाई म्हणाली एका टायमाक एकच गावतला, मगे म्हणाली बंदी हा तोपर्यंत दोन ने. माझ्या झिलाक मालवणी नाटकाचा पुस्तक होया, 'मा' लिवलेली सगळी वरच्या खणात असत, थयसर तेचो हात पोचणा नाय. स्टूल ठेवतास काय?


चिऱ्याची_भिंत | 14 जून

उद्या सकाळी ठेवतो. फळ्या उरल्यात.